जपानी छापचित्रांतील साधीं माणसें व आमचें तेर

आमच्या धाराशिवच्या घरीं यंदा जी दिनदर्शिका आली आहे, तिच्या एका पानावर एक परदेशी चित्र छापलेलें आहे. उंच उसळलेली निळी लाट. तिच्या फेंसाचीं टोकें जणूं एखाद्या पक्ष्याच्या नख्याच. आणि दूर, त्या लाटेच्या पोकळींत, बर्फानें पांढरा झालेला एक लहानसा डोंगर. आमच्या बहुतेक वाचकांनीं हें चित्र कोठें ना कोठें पाहिलेलें असेल. तें आतां कापडी पिशव्यांवर असतें, वह्यांच्या वेष्टनांवर असतें, चहाच्या पेल्यांवरही असतें. आम्हीं स्वतः तें शंभर वेळां पाहिलें होतें. परंतु आमचा दहा वर्षांचा पुतण्या एके सायंकाळीं त्या पानापुढें बराच वेळ उभा राहिला आणि त्यानें विचारलें, “काका, या होड्यांतलीं माणसें कोण आहेत? तीं बुडणार का?”

आम्ही चष्मा लावून जवळ गेलों. खरोखरच लाटेखालीं तीन लांब, अरुंद होड्या होत्या, आणि प्रत्येकींत माणसें ओळीनें वांकून, अंग चोरून बसलेलीं होतीं. शंभर वेळां पाहिलेल्या चित्रांत आम्हांस लाट दिसली होती, डोंगर दिसला होता. माणसें मात्र दिसलीं नव्हतीं. ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आम्हीं जें वाचलें व पाहिलें, आणि त्या निमित्तानें आमच्याच जिल्ह्यांतील एका जुन्या गांवीं आम्ही पुन्हां कसे गेलों, तें वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

हें चित्र होकुसाई नांवाच्या चित्रकाराचें. त्याचा जन्म १७६० सालचा व मृत्यु १८४९ सालचा. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची जी माला त्यानें सुमारें १८३० ते १८३२ या काळांत काढली, तिच्यांतील हें एक चित्र होय. तेव्हां तो सत्तरीच्या घरांत होता. ही माला लोकांस इतकी आवडली कीं प्रकाशकानें आणखी दहा चित्रें काढविलीं. म्हणून नांवाच्या छत्तिसांत प्रत्यक्षांत सेहेचाळीस चित्रें आहेत. लाटेखालच्या त्या होड्या ताजी मासळी शहरच्या बाजारांत त्वरेनें पोंचविणाऱ्या होत, असें जाणते सांगतात. म्हणजे हीं माणसें कोणी वीर नव्हेत, कीं पुराणांतील नव्हेत. सकाळच्या बाजाराची वेळ गांठण्यासाठीं समुद्रांत शिरलेले हे मजूर आहेत. त्यांच्या पोटाची गोष्ट त्या लाटेंत गुंतलेली आहे.

अशीं चित्रें जपानांत शेंकडों नव्हेत, हजारों निघालीं. त्यांस ‘उकियो-ए’ म्हणतात. ‘उकियो’ हा शब्द मूळचा बौद्धांचा. दुःखानें भरलेला हा संसार, असा त्याचा प्रथम अर्थ होता. पुढें त्याच उच्चाराचा, परंतु निराळ्या अक्षरांनीं लिहिलेला शब्द रूढ झाला व त्याचा अर्थ ‘तरंगतें जग’ असा झाला. संसार जर क्षणभंगुरच आहे, तर हातीं आलेला क्षण डोळे भरून पाहावा, असा विनोदी उलटा भाव त्यांत आहे. आमच्या संतांनीं नश्वरतेवरून वैराग्याचा उपदेश केला; एदो शहराच्या दुकानदारांनीं त्याच नश्वरतेवरून चित्रें विकत घेतलीं!

एदो म्हणजेच आजचें टोकियो. १६०३ पासून १८६८ पर्यंत तोकुगावा घराण्याच्या राजप्रतिनिधींनीं तेथून जपानचा कारभार पाहिला. अठराव्या शतकांत या शहराची वस्ती दहा लाखांच्या आसपास गेली होती. समाजाची रचना मोठी करडी. वर सामुराई, मग शेतकरी, त्याखालीं कारागीर, आणि सर्वांच्या तळाशीं व्यापारी. ज्याच्या हातीं पैसा, त्यासच मानाची जागा नाहीं, अशी ही विचित्र स्थिति होती. राजदरबारच्या सोनेरी पडद्यांवरील चित्रें या वर्गाच्या आटोक्याबाहेरचीं. तेव्हां त्यानें आपलें स्वतःचें चित्र निर्माण केलें. स्वस्त, कागदावरचें, आणि आपल्याच जगाचें. अशा एका चित्राची किंमत रस्त्यावर मिळणाऱ्या वाडगाभर शेवयांहून फारशी अधिक नसे. एखादा कारागीरही सणावारीं एखादें चित्र घेऊं शके, व यात्रेहून परतणारा गांवकरी तें वळकटींत घालून घरीं नेऊं शके.

हें इतकें स्वस्त कसें झालें, तें सांगितलें पाहिजे. एका चित्रामागें चार माणसें असत: प्रकाशक, चित्रकार, कोरक्या आणि छापणारा. प्रकाशक विषय ठरवी व पैसा घाली. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईनें रेखाकृति काढी. तो कागद चेरीच्या लांकडाच्या गुळगुळीत फळीवर उपडा चिकटवीत, व कोरक्या त्या कागदासकटच फळी कोरीत असे. रेघ तेवढी उभी ठेवावयाची आणि बाकीचें लांकूड खोदून काढावयाचें. चित्रकाराचा मूळ कागद या कामीं नाहींसा होई. स्त्रीच्या कपाळावरील एकेक केंस जेथें उठून दिसतो, तेथें कोरक्याच्या सुरीखालीं केंसाइतकेंच लांकूड उभें राहिलेलें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या हाताची कल्पना येईल. मग प्रत्येक रंगासाठीं निराळी फळी. छापणारा फळीवर रंग लावी, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला दमट कागद वर पसरी, आणि बांबूच्या पातींत गुंडाळलेल्या एका चपट्या, गोल चकतीनें पाठीमागून घांशी. यंत्राचा दाब नाहीं, कांहीं नाहीं; सर्व काम मनगटाचें. कागद प्रत्येक फळीवर नेमका त्याच जागीं बसावा म्हणून फळीच्या कडेस दोन खुणा कोरलेल्या असत. आमच्याकडे छिपे लोक लांकडी ठशांनीं कापड छापतात, त्यांना ही युक्ति ताबडतोब समजेल.

१७६५ साली हारुनोबु या चित्रकाराच्या हातून अनेक रंगांची छपाई पूर्णत्वास आली. पुढें उतामारो, होकुसाई व हिरोशिगे यांनीं ती कळसास नेली. चित्रावर चित्रकाराचें व प्रकाशकाचें नांव असे. ज्यानें केंसाएवढी रेघ कोरली व ज्यानें आकाशाचा निळा रंग वरून खालीं फिका करीत आणला, त्यांचीं नांवें क्वचितच छापलीं गेलीं. साध्या माणसांचीं चित्रें साध्या माणसांनींच केलीं, आणि त्यांतले निम्मे कारागीर निनांवी राहिले.

आतां या चित्रांतील माणसांकडे वळूं. त्याच फुजीच्या मालेंत एक बुरूड-सुताराच्या जातीचा कारागीर आहे. तो एक भलें मोठें लांकडी पिंप घडवीत आहे. पिंप आडवें पडलेलें, त्यास तळ नाहीं, आणि हा गडी त्याच्या पोटांत वांकून आंतील बाजू तासतो आहे. पिंपाच्या त्या वर्तुळांतून दूर फुजी दिसतो, बोराएवढा! जो पर्वत जपानी लोक देवासारखा मानतात, तो येथें कारागिराच्या पिंपांत मावला आहे. दुसऱ्या एका चित्रांत एक प्रचंड तुळई तिरपी उभी केली आहे. एक करवत्या तिच्यावर चढून करवत चालवीत आहे, दुसरा खालीं बसून. तिसरा बाजूस करवतीला धार लावतो आहे, आणि पाठीशीं मूल बांधलेली एक स्त्री तेथें उभी आहे. येथेंही पर्वत तुळईच्या टेकूंच्या मधून डोकावतो. पर्वत स्थिर आहे. माणसें कामांत आहेत. आणि चित्रकाराची नजर आधीं कामावर पडते.

होकुसाईनें केवळ हात बसण्यासाठीं व शिष्यांस गिरविण्यासाठीं जीं रेखाचित्रें काढलीं, त्यांचीं पुस्तकें १८१४ पासून निघूं लागलीं व तीं एकंदर पंधरा झालीं. शेवटचें तर त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीं. त्यांत न्हाणारीं, जांभया देणारीं, ओझीं वाहणारीं, मल्लखांबासारख्या कसरती करणारीं, लठ्ठ आणि लुकडीं अशीं सर्व तऱ्हेचीं माणसें आहेत. हा चित्रकार लहानपणीं कोरक्याच्या हाताखालीं उमेदवारी केलेला होता. हाताच्या कामास काय पडतें, तें त्यास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

हिरोशिगेचा (१७९७–१८५८) पिंड वेगळा. तो एदोच्या आग विझविणाऱ्या पथकावरील एका अधिकाऱ्याचा मुलगा. एदोहून क्योतोस जाणारा जो तोकाइदो नांवाचा राजमार्ग, त्यावरील त्रेपन्न मुक्कामांचीं चित्रें त्यानें १८३३–३४ च्या सुमारास काढलीं. दोन टोकें धरून तीं पंचावन्न होतात. त्यांतील शोनो येथील पावसाचें चित्र एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. तिरपा, झोडपणारा पाऊस. मागें वाऱ्यानें एका बाजूस लवलेलें बांबूचें बन. चढावर मेणा घेऊन धांवणारे भोई. आणि उताराकडे छत्री पुढें करून पळणारा एक गडी. मेण्यांतल्या माणसाचें तोंड दिसत नाहीं. दिसतात त्या भोयांच्या पोटऱ्या. आपल्याकडे पालखीचीं वर्णनें पुष्कळ आहेत. पालखींत कोण बसलें, तें सर्वांस ठाऊक असतें. भोयांच्या पोटऱ्यांचें वर्णन आम्हांस तरी फारसें आढळलें नाहीं.

मारिको येथील चित्र अगदीं घरगुती आहे. रस्त्याकडेची एक झोपडीवजा खाणावळ. दोन वाटसरू बाकावर बसून रताळ्याच्या जातीच्या कंदाचा रस्सा मन लावून जेवीत आहेत. वाढणाऱ्या बाईच्या पाठीवर मूल आहे. शेजारीं एक आलुबुखाराच्या जातीचें झाड नुकतें फुलूं लागलें आहे. फुजिएदाच्या चित्रांत ओझीं बदलण्याचें ठाणें आहे. एक हमाल घाम पुसतो आहे, एक चिलीम ओढतो आहे, आणि कारकून हातांत कागद घेऊन हिशेब पाहतो आहे. ज्यानें म्हणून कधीं एस्. टी. च्या थांब्यावर किंवा मोंढ्यांत अर्धा तास काढला असेल, त्यास हीं सर्व माणसें ओळखीचीं वाटतील.

आमच्या वाचकभगिनींस उतामारोचें एक स्वयंपाकघराचें चित्र विशेष आवडेल. हा चित्रकार सुंदर स्त्रियांच्या मुखचित्रांसाठीं प्रसिद्ध. परंतु येथें त्यानें चार स्त्रियांस कामास लावलें आहे. एकजण भाजी सोलते आहे. एकजण भांडें पुसते आहे. एकजण चुलीपुढें बसून बांबूच्या नळीनें विस्तव फुंकते आहे. आणि वाफ व धूर यांनीं बेजार झालेली चौथी तोंड फिरवून डोळे मिटते आहे. ती बांबूची नळी पाहून आमच्या वहिनी चटकन म्हणाल्या, “अहो, ही तर आमच्या आजेसासूबाईंची फुंकणी!” दोनशें वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडची स्त्री एका फुंकणीनें आमच्या माजघरांत येऊन बसली.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. या चित्रांतील सर्वच जग निर्मळ होतें, असें मुळींच नाहीं. या कलेचा मोठा भाग नाटकांतील नटांच्या व योशिवारा नांवाच्या वेश्यावस्तींतील स्त्रियांच्या चित्रांनीं व्यापलेला आहे. त्या स्त्रियांच्या अंगावरील रेशीम डोळे दिपविणारें असलें, तरी त्यांपैकीं कित्येकींस दरिद्री आईबापांनीं लहानपणींच करार करून तेथें पोंचविलेलें असे. चित्रांत रेशीम दिसतें, करार दिसत नाहीं. शेतकरीही पुष्कळदां शहरच्या नजरेनें, थोडासा गमतीचा विषय म्हणून रंगविलेला असतो. तेव्हां हीं चित्रें म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. परंतु सत्याकडे उघडलेली ती एक खिडकी खचित आहे. आणि सत्तेस ती खिडकी केव्हां केव्हां सहन होत नसे. १७९० पासून चित्र छापण्यापूर्वीं तपासणीचा शिक्का घ्यावा लागे. १८०४ साली उतामारोस एका जुन्या राज्यकर्त्याचें चित्र छापल्याबद्दल पन्नास दिवस हातांत बेड्या घालून राहावें लागलें, व त्यानंतर दोन वर्षांनीं तो वारला. १८४२ साली नटांच्या व वारांगनांच्या चित्रांवर बंदी आली.

पुढें या चित्रांचें दैव फिरलें. जपानांत नवें राज्य आलें, छापखाने आले, छायाचित्रें आलीं, आणि हीं स्वस्त चित्रें जुनाट ठरलीं. परंतु १८६७ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत जपाननें भाग घेतला, व युरोपांतील चित्रकार या कागदांवर लुब्ध झाले. व्हॅन गॉग यानें १८८७ साली हिरोशिगेचें पुलावरील अवचित पावसाचें चित्र तैलरंगांत उतरवून घेतलें. ज्या वस्तूस घरांत कोणी किंमत दिली नाहीं, तिची किंमत बाहेरच्यांनीं सांगितल्यावर घरच्यांस कळली. हा अनुभव आपल्या देशासही नवा नाहीं.

मग साहजिकच प्रश्न येतो: आपल्याकडे असें कांहीं होतें काय? जपानकडून कांहीं घेणें महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. महर्षि कर्वे यांच्या हातीं जपानच्या महिला विद्यापीठाचें एक माहितीपत्रक आलें व १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ निघालें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु चित्रांच्या बाबतींत आपण कोणतीं चित्रें घरांत लावलीं? पिंगुळीचे चित्रकथी व पैठणी शैलीचे चित्रकार रामायण-महाभारताच्या कथा रंगवीत. १८९४ साली मुंबईंत राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना निघाला व पुढें तो मळवलीस गेला. त्यानें लक्ष्मी व सरस्वती घरोघर नेल्या. चित्र स्वस्त झालें, सर्वांचें झालें. पण चित्रांत देव होते. ज्या भिंतीवर तें लागलें, ती भिंत बांधणारा गवंडी त्यांत नव्हता.

याला अपवाद आहेत, व ते अभिमानानें सांगण्यासारखे आहेत. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या रस्त्यांवरील माणसें टपालाच्या कार्डांवर रंगविलीं. एका पैशाच्या तिकिटाबरोबर फिरणारीं तीं चित्रें म्हणजे आमचीं उकियो-एच म्हणावयास हरकत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहून अलुत्या-बलुत्यांचें शब्दचित्र रेखाटलें. परंतु अशा वाटांनीं जाणारे थोडे. आमच्या पांढरपेशा वर्गानें ग्रंथ जपले, पोथ्या जपल्या, वंशावळी जपल्या. ज्यांच्या हातांवर हा सर्व डोलारा उभा होता, त्या हातांचें चित्र जपण्याचें आमच्या मनांत फारसें आलें नाहीं.

या विचारांत असतांनाच आम्हांस तेरची आठवण झाली. तेर हें धाराशिव तालुक्यांतील तेरणा नदीच्या कांठचें गांव. एका ग्रीक भाषेंतील दर्यावर्दी ग्रंथांत, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नांवाचें फार मोठें शहर असल्याचें लिहिलें आहे. तेथून गाड्यांत भरून कापड भडोचच्या बंदरास जाई. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट या पंडितानें १९०१ साली दाखवून दिलें. आम्ही शाळेंत असतांना सहलीस तेथें गेलों होतों. पण तेव्हां लक्ष सगळें फराळाच्या डब्याकडे! या खेपेस पुतण्यास बरोबर घेऊन गेलों.

तेरचें वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवानें आहे. हे गृहस्थ कोणी विद्यापीठाचे पंडित नव्हते, गांवचेच व्यापारी. पावसाळ्यांत पांढरीची माती धुपली कीं जुन्या वस्तु वर येत. त्या त्यांनीं वर्षानुवर्षें वेंचून, सांभाळून ठेविल्या, आणि पुढें तो हजारों वस्तूंचा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला. ज्या मण्यांशीं पोरांनीं खेळावें व ज्या खापरांवर गुरांनीं पाय द्यावे, त्यांस एका माणसानें ‘हें राहिलें पाहिजे’ असें म्हटलें, म्हणून आज आपण तीं पाहूं शकतों.

त्या संग्रहांत मातीच्या बाहुल्या आहेत. सातवाहनांच्या काळच्या, म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या. कांहीं तांबड्या मातीच्या, कांहीं केओलिन नांवाच्या पांढऱ्या मातीच्या. यांत देवतामूर्ति आहेत, तशीं साधीं माणसेंही आहेत. केंसांची नाना तऱ्हेची रचना केलेल्या स्त्रिया, कानांत जड कर्णभूषणें, हातभर बांगड्या. कांहीं चेहरे इतके जिवंत कीं आतां बोलतील असें वाटावें. पुतण्यानें एका चेहऱ्याकडे बोट करून म्हटलें, “काका, ही हसते आहे.” खरोखरच ती हसत होती.

या बाहुल्या कशा केल्या, तें कळल्यावर आम्हांस होड्यांतील त्या माणसांची पुन्हां आठवण झाली. त्या एकेक करून हातानें घडविलेल्या नाहींत. पुढचा एक व पाठीचा एक असे दोन सांचे करीत. दोहोंत माती दाबून, दोन्ही अर्धें जोडून, आंतून पोकळ अशी आकृति भाजून काढीत. सांचा एकदां कुशल हातानें कोरला, कीं त्यावरून अनेक प्रति निघाव्या, व सामान्य माणसास त्या परवडाव्या. चेरीच्या फळीमागें जी युक्ति, तीच या सांच्यामागें. जपान्यांनीं ती कागदावर केली. आमच्या तेरच्या कारागिरांनीं ती सोळासतराशें वर्षें आधीं मातींत केली. त्या कारागिरांचींही नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत.

आणि याच तेरमध्यें पुढें गोरोबाकाका झाले. तेराव्या-चौदाव्या शतकांतील या कुंभार संताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. माती तुडवितां तुडवितां नामांत देहभान हरपलें व पायांखालीं स्वतःचें मूल आलें, ही कथा ऐकून कोणाच्या अंगावर कांटा आला नाहीं? आणि ती दुसरी कथा, संतांची परीक्षा घेण्याची! कोणतें मडकें कच्चें व कोणतें पक्कें, हें कुंभार थापटण्यानें ठोकून ओळखतो. त्याच थापटण्यानें गोरोबाकाकांनीं संतांचीं डोकीं पारखलीं, व नामदेवांस कच्चें ठरविलें. आम्ही ही कथा अहंकारावरील उपदेश म्हणून सांगतों, व तें योग्यच आहे. परंतु तिच्यांत आणखीही एक गोष्ट आहे. ब्रह्मज्ञानाची पारख करण्याचें माप येथें कुंभाराच्या धंद्यांतून आलेलें आहे. हाताच्या कामांत ज्ञान असतें, हें त्या काळच्या संतमंडळीनें मान्य केलें होतें. आम्हीं तें मागाहून विसरलों.

हा विसर किती महाग पडतो, याचा एक अनुभव आमच्या जिल्ह्यास आहे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबर रोजीं, गणपतिविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहांटे, लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व भोंवतालचीं गांवें जमीनदोस्त झालीं. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. पुढें पन्नासाहून अधिक गांवें नव्या जागीं, नव्या धर्तीच्या घरांत वसविण्यांत आलीं. माणसें वांचविणें, निवारा देणें हेंच तेव्हां पहिलें काम होतें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु जाड दगड-मातीच्या भिंतींच्या त्या जुन्या वाड्यांत जातें कोठें असे, रांजण कोणत्या कोपऱ्यांत, बाळंतिणीची खोली कोणती, सुताराची पडवी कशी, लोहाराचा भाता कोणीकडे तोंड करून, हें सर्व एका पहांटेंत गेलें. घरें गेलीं, आणि त्यांत वावरणाऱ्या साध्या माणसांच्या दिनक्रमाचीं चित्रें मुळांत काढलेलींच नव्हतीं. एदो शहरही भूकंपांनीं व आगींनीं अनेक वेळां उद्ध्वस्त झालें. पण तेथील दुकानदार कसा बसे, भोई कसा धांवे व बाई चूल कशी फुंके, हें आज जगास ठाऊक आहे. कारण कोणींतरी वाडगाभर शेवयांच्या किंमतींत तें छापून ठेवलें होतें.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्रें काढणारें यंत्र आहे, काळजी कशाची? आमचें नम्र उत्तर असें, कीं यंत्र आहे, नजर कोठें आहे? आम्ही घरांतील वाढदिवसांचीं शेंकडों चित्रें काढतों. परंतु दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांतून व वाहनांतून संसार घेऊन ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें आमच्या याच जिल्ह्यांतून निघतात. त्यांच्या कोयत्याची मूठ कशी असते, मोळी कशी बांधतात, पाठीमागें राहिलेल्या म्हाताऱ्या आजीजवळ नातवंडें कशीं राहतात, हें आपणांपैकीं किती जणांनीं थांबून पाहिलें आहे? पाहणें हें यंत्राचें काम नव्हे. होकुसाईजवळ यंत्र नव्हतें.

तेरहून परत येतांना पुतण्यानें आणखी एक प्रश्न विचारला, व तो आम्हांस निरुत्तर करणारा ठरला. “काका, आपल्याला माठ देतात ते कुंभारकाका तेरचेच का? त्यांचं नांव काय?” गेलीं वीस वर्षें दर उन्हाळ्यास आम्ही त्याच गृहस्थाकडून माठ घेत आलों आहों. बोटाच्या पेरानें टिचकी मारून माठ पक्का आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीत त्यांनींच आम्हांस शिकविली. घासाघीस केली, सुट्या पैशांवरून विनोद केले, पावसाच्या गोष्टी बोललों. परंतु त्यांचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें. लाटेखालचीं माणसें न दिसण्याची संवय दिनदर्शिकेपुरती नव्हती, तें त्या वेळीं समजलें.

पुढल्या आठवडी बाजारास आम्ही दोघे मुद्दाम गेलों. नांव विचारलें. ते प्रथम संकोचले, कांहीं तक्रार आहे काय, असें त्यांस वाटलें असावें. मग त्यांनीं नांव सांगितलें, वडिलांचें सांगितलें, आणि पुतण्यास थापटणें हातांत धरूं दिलें. वडिलांच्या वेळचें तें थापटणें. मुठीजवळ बोटांच्या जागा झिजून खोलगट झालेल्या. पुतण्यानें वहींत त्यांचें चित्र काढलें. चित्र काय, डोकें मडक्याहून मोठें झालें! पण थापटण्यावरील त्या खोलगट जागा त्यानें विसरतां काढल्या नाहींत, असें मात्र झालें नाहीं. त्या त्यानें नीट मोजून चारही काढल्या, आणि खालीं नांव लिहिलें.

आमच्या वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. येत्या सुटींत मुलांस तेरला न्या. त्रिविक्रमाचें विटांचें प्राचीन मंदिर पाहा, गोरोबाकाकांच्या समाधीचें दर्शन घ्या, आणि त्या मातीच्या चेहऱ्यांपुढें थोडा वेळ थांबा. मुंबईस गेलांत तर छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंनीं दिलेल्या संग्रहांतील जपानी कलावस्तु दाखवा. आणि घरीं परतल्यावर प्रत्येक मुलानें आपल्या गल्लींत काम करणाऱ्या एका माणसाचें चित्र काढावें. हत्याराचें खरें नांव त्या माणसासच विचारून घ्यावें. आणि चित्राखालीं चित्रकाराच्या नांवाआधीं त्या माणसाचें नांव लिहावें. वही साधी चालेल. ती जपून मात्र ठेवावी.